आधी ते बारीक अक्षरांचं पान उघड

प्रिय सोनू,

सगळ्या जगाचा इतिहास एकाच पुस्तकात वाचायचाय, कुठलं घेऊ, असं विचारलंस. अशी पुस्तकं आहेत, काही तर फार गोड आहेत. पण कुठलंही घेतलंस तरी आधी सुरुवातीचं ते बारीक अक्षरांचं पान उघड, जे सगळे ओलांडून पुढे जातात. पहिली आवृत्ती कधीची ते बघ. नुसतंच ‘पुनर्मुद्रण’ असेल तर आतला मजकूर जुनाच. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर कुणीतरी पुन्हा हात फिरवलाय.

व्हान लूनचं मुलांसाठीचं मानवजातीच्या गोष्टीचं पुस्तक १९२१ साली आलं. बालसाहित्याचं पहिलंवहिलं न्यूबेरी पदक पुढच्या वर्षी त्यालाच मिळालं, चित्रंही त्याचीच. पण त्या पहिल्या आवृत्तीत सिंधू संस्कृती असणार कशी? हडप्पाचं उत्खनन तेव्हा कुठे सुरू होत होतं, आणि ती संस्कृती किती जुनी आहे हे जगाला कळलं १९२४ मध्ये.

नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून इंदिरेला जवळजवळ दोनशे पत्रं लिहिली, त्यांचं पुढे जाडजूड पुस्तक झालं. हाताशी ग्रंथालय नाही, होत्या त्या टिपणवह्या आणि आठवण. तरी आशियाला इतकी जागा देणारं मुलांसाठीचं पुस्तक त्या काळी विरळाच. सलग वाचायला जाशील तर दमशील. मधलं कुठलंही पत्र उघड.

माझं सगळ्यात लाडकं मात्र गॉम्ब्रिखचं. व्हिएन्नातला हा सव्वीस वर्षांचा, नोकरी नसलेला तरुण. त्याला एका इंग्रजी बालपुस्तकाचं भाषांतर करायला सांगितलं, तर म्हणाला, यापेक्षा बरं मीच लिहीन. १९३५ मध्ये सहा आठवड्यांत लिहूनही दाखवलं! नाझींना ते फार शांततावादी वाटलं, म्हणून त्यांनी बंद पाडलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याने स्वतः पाहिलेल्या काळावर एक प्रकरण जोडलं आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटाबद्दल आपण आधी लिहिलेलं चुकीचं होतं, हे त्यात सरळ सांगून टाकलं. चूक गुपचूप खोडून टाकता आली असती की. म्हणून याची नवी आवृत्तीच मिळव, नाहीतर ते प्रकरण हुकेल.

अशा पुस्तकाच्या जोडीला एकाच वस्तूच्या मागे लागलेलं एखादं बारकं पुस्तकही घे. मीठ, कागद, रोगराई, काहीही. कागदाचं घेतलंस तर कागद बनवण्याचं श्रेय ज्याला देतात, त्या इ. स. १०५ मधल्या चीनच्या त्साय लुनपासून निघून समरकंद, बगदाद करत युरोपात पोचेपर्यंत हजारएक वर्षं जातात. राजे वाटेत आपोआप भेटतात, पाठ करावे लागत नाहीत.

नकाशा जवळ असू दे, पण भिंतीवरच्या नकाशावर फार विसंबू नकोस. पुष्कळ नकाशांत ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. पृथ्वीचा गोल असेल तर उत्तम.

आणि आदिमानवाच्या प्रकरणातच कंटाळलीस तर खुशाल पुढे जा. तो कुठे पळून जात नाही.

तुझी,
आई