उजनीच्या पाण्याबरोबर मासळीचेही आकडे छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की सोलापूरकर सकाळी आधी उजनी धरणाची टक्केवारी पाहतो. दौंडचा विसर्ग किती, धरण मायनसमधून, म्हणजे मृतसाठ्यातून, प्लसमध्ये कधी आले, हे चहाच्या टपरीवरही सगळ्यांना तोंडपाठ असते. त्याच पाण्यावर करमाळा, माढा, इंदापूर, दौंड भागातल्या कितीतरी मच्छीमारांची चूल पेटते. मात्र या आठवड्यात चिलापी किती निघाली, कटला केवढा होता, वाम मिळाली की नाही, हे माझ्या तरी कधी वाचनात आले नाही. आपण पाण्याच्या आकड्याखाली दर आठवड्याला मासळीचाही आकडा छापावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र.

समुद्रकिनाऱ्यावर हे काम कित्येक वर्षे चालू आहे. १९४७ साली सुरू झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेची माणसे ठरलेल्या दिवशी बंदरावर जातात, आलेल्या होड्यांपैकी काही निवडतात, माशाची जात, वजन, लांबी लिहून घेतात. जाळे कोणते होते आणि किती वेळ पाण्यात होते, हेही विचारतात. मला हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली आणि २०१९ मध्ये २.०१ लाख टन, म्हणजे ४५ वर्षांतली सर्वांत कमी. नुसते वजन पाहिले तर समुद्र ओस पडला असेच वाटेल. पण त्या साली क्यार आणि महा ही वादळे ऐन हंगामात आली होती आणि होड्या बंदरात बांधून ठेवाव्या लागल्या होत्या. मासाच किती घटला आणि होडीच किती दिवस गेली नाही, हे वेगळे काढायचे तर वेळेची नोंद लागतेच.

उजनीत याच्या उलट फसगत होऊ शकते. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये जाते, उरलेल्या पाण्यात मासा दाटतो आणि जाळी भरून येतात. उजनीकाठच्या भिगवणच्या मासळी लिलावात माल वाढलेला दिसला म्हणून धरणातला मासा वाढला, असे म्हणता येत नाही.

अशा मोजणीतूनच नियम तयार होतात. मासा एकदा तरी अंडी घालून मगच जाळ्यात यावा, म्हणून राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्य माशाचा मानही मिळाला. तरी सोलापूरच्या बाजारात बर्फाच्या पेटीतून त्याहून लहान पापलेट निघताना दिसतात आणि जीव हळहळतो. बंदरावर निसटलेला माल इथे खपतो, म्हणून तर तो पकडला जातो. आपण गिऱ्हाइकांनी असे पिल्लू घेऊ नये, ही हात जोडून विनंती.

केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. तिथे शिंपल्यांचा धंदा १९९१ च्या सुमारास वर्षाला दहा हजार टनांपर्यंत गेला आणि दोनच वर्षांत निम्म्यावर आला. शास्त्रज्ञांनी अंड्यांचा हंगाम शोधून काढला, त्यावरून डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी आली. जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचे छिद्र, ३० मिलिमीटरपेक्षा बारीक नको, किलोभर मांसात १४०० पेक्षा जास्त शिंपल्या बसतील एवढा बारीक माल निर्यातीला नको, असेही ठरले. पुढे कारभार पाहणाऱ्या परिषदेत शिंपल्या काढणारेही बसले. २०१४ मध्ये या खाडीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिले. तीन महिने घरी बसायचे ज्यांना होते, त्यांना ते का बसायचे हे आकड्यांवरून पटले होते. नुसत्या पोलीस बंदोबस्ताने हे जमले नसते.

उजनीत वडाप नावाच्या बारीक आसाच्या जाळ्याने पिल्ले ओढली जातात, ही तक्रार जुनीच आहे. अधूनमधून कारवाई होते, जाळी जप्त होतात, पुन्हा तेच सुरू होते. दुसरीकडे धरणात मत्स्यबीज सोडले जाते. सोडलेल्यातले किती जगले, किती वाढले, हे उतरलेला मासा मोजल्याशिवाय कळणार कसे? बाहेरून आलेला काटेरी सकर मासा जाळी फाडतो, पण तो कोणत्या गावाकडे वाढतो आहे, याचा नकाशा मच्छीमारांच्या नोंदींतूनच होऊ शकेल.

ही नोंद मच्छीमार सोसायट्यांतल्या शिकलेल्या मुलामुलींकडे द्यावी आणि तिचे मानधन द्यावे. मोबाइल आणि मोजपट्टी एवढे सामान पुरे. मत्स्यव्यवसाय विभागाने अधूनमधून स्वतः जाऊन पडताळणी करावी. एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. जास्त मासा लिहिला म्हणून परवान्याची फी वाढली किंवा कमी लिहिला म्हणून कुणाची होडी अडवली, तर दुसऱ्या महिन्यापासून खरे कुणीच सांगणार नाही. मोजणी आणि वसुली यांचा एकमेकांशी संबंध नको, हे आधी लेखी द्यावे.

सुरुवात येत्या जूनपासून करता येईल. पावसाळ्यात रोहू, कटला अंडी घालण्यासाठी वाहत्या पाण्याकडे चढतात. त्या दोन-तीन महिन्यांची नोंद हाती आली, तर उजनीत बंदी नेमकी कधी आणि कोणत्या भागात हवी, हे मच्छीमारांसमोर बसून ठरवता येईल.

आपला,
एक वाचक, सोलापूर