विषय: रोमच्या गोल्फ कार्ट सहलीचे पैसे परत हवेत, हरिद्वारचं कूपन नको

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग
(आणि त्यांच्या वरचे जे कोणी पत्रं खरोखर वाचत असतील ते)

तुमच्या ग्राहक सेवेतल्या माणसाशी बोलणं आत्ताच संपलं. म्हणजे त्यांनी "आणखी काही मदत करू शकतो का सर?" असं विचारलं आणि फोन ठेवला. पहिली मदत कोणती झाली, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून आता लेखी.

पॅकेजमध्ये काय होतं, किती तासांचं होतं, कुठे थांबायचं होतं, हे मी सांगत बसत नाही. माहितीपत्रक तुमचं आहे, तुम्ही ते एकदा तरी वाचलं असेल असं धरून चालतो.

रोममध्ये गोल्फ कार्ट आम्ही मिरवायला घेतली नव्हती. आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. जुन्या रोममधले रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे, त्यांच्या फटींत काठीचं टोक अडकतं, आणि आपली मोठी बस त्या गल्ल्यांत शिरत नाही. विजेवर चालणारी छोटी गाडी शिरते. तेवढ्याच कारणासाठी ग्रुप सहलीच्या पैशांशिवाय आम्ही वेगळी रक्कम भरली, आणि ती किती होती हे तुमच्या हिशेबखात्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. "हॉटेलच्या दारातून हॉटेलच्या दारापर्यंत" हे शब्द तुम्ही ठळक टाइपात छापले आहेत. ऐन सकाळी मेसेज आला की गाडी पिआझ्झा व्हेनेझिया या चौकात उभी राहील, तिथे या. हॉटेल तेर्मिनी स्टेशनजवळचं, तेही तुम्हीच दिलेलं. मधलं अंतर दोनेक किलोमीटर. टॅक्सी आम्ही आमच्या पैशाने केली. चालता येत नाही म्हणून जी गाडी घेतली, त्या गाडीपर्यंत पोहोचायला दुसरी गाडी करायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला बढती द्या. आई त्या चौकातल्या व्हिक्टर इमॅन्युएल राजाच्या स्मारकासमोर काठीवर भार देऊन उभी होती. 1911 साली उद्घाटन झालेलं ते पांढरंशुभ्र धूड निरखायला आम्हाला भरपूर वेळ मिळाला, त्याबद्दल आभार.

ड्रायव्हर भला माणूस होता. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, कृपया तशी नोंद करून त्याचे पैसे कापू नका. आईला हात धरून चढवलं, उतरवलं, वाटेतल्या लोखंडी नळावर तिची बाटली भरून दिली. (हे नळ 1874 पासून आहेत, शहरभर अडीच हजारांच्या आसपास आहेत आणि पाणी फुकट आहे. तुमच्या माहितीपत्रकात "पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागेल" असं लिहिलंय, तेवढं खोडा.) पण त्याला मराठी येत नव्हतं आणि ते यावं अशी अपेक्षाही नव्हती. अपेक्षा तुमच्या "मराठी गाइड सोबत" या ओळीकडून होती. हा गाइड म्हणजे ड्रायव्हरच्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग आणि त्याला जोडलेला एक छोटा स्पीकर निघाला.

बरं, रेकॉर्डिंग तर रेकॉर्डिंग. पण ते गाडी कुठे आहे यावर चालत नाही, घड्याळावर चालतं! एकदा सुरू केलं की सुरू. गाडी सिग्नलला अडकली तरी रेकॉर्डिंगमधली बाई बोलत पुढे निघून जाते. भटजींनी सप्तपदी उरकून टाकावी आणि नवरानवरी अजून मांडवाच्या दारातच असावेत, अशी आमची गत. आम्ही ट्रेव्हीच्या कारंज्यापुढे उभे, आणि बाई सांगतेय की कलोसियमला खालच्या मजल्यावर 80 कमानी आहेत आणि सम्राट टायटसने त्याचं उद्घाटन केलं. केलं असेल. समोर पाणी पडतंय त्याचं काय? माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कारंजं पुरं झालं 1762 मध्ये, पण त्याला पाणी पुरवणारा कालवा अग्रिप्पा या रोमन सेनापतीने इसवी सनापूर्वी 19 मध्ये आणलेला. बहुतेक सगळा जमिनीखालून. मोडला, दुरुस्त झाला, आणि आजही त्याच कालव्याच्या वारसाचं पाणी तिथे पडतं. यावर तुमच्या बाईकडे एक वाक्य नव्हतं. "नाणं टाका आणि इच्छा मागा" एवढं मात्र होतं, तेही आम्ही तिथून निघाल्यावर वाजलं.

पँथिऑनबद्दल, म्हणजे त्या प्राचीन रोमन देवळाबद्दल, थोडक्यात लिहितो, कारण खरा मुद्दा पुढे आहे. माहितीपत्रकात "प्रवेश मोफत" छापलंय. जुलै 2023 पासून तिथे तिकीट आहे, 5 युरोंपासून सुरू झालं. पैशांचं सोडा, पण माहितीपत्रकावर "नवीन आवृत्ती" असा लाल शिक्का कशाला मारता? तिकिटाच्या रांगेत वेळ गेला आणि आत जेमतेम दहा मिनिटं मिळाली. 43 मीटरहून जास्त व्यासाचा, सळईचा एक तुकडाही नसलेला काँक्रीटचा घुमट, वर भोक उघडं, पाऊस आत पडतो म्हणून जमिनीला उतार आणि निचऱ्याची छिद्रं. बांधकामाशी ज्याचा आयुष्यभर संबंध आला त्या माणसाला दहा मिनिटं! बाहेर आलो तर बाई सांगतेय की ही इमारत अग्रिप्पाने बांधली, दर्शनी भागावर त्याचं नाव आहे. नाव आहेच. पण आज उभी आहे ती सम्राट हेड्रियनच्या काळातली, त्याने जुन्याचं नाव तसंच ठेवलं. हे आईने ड्रायव्हरला खुणांनी समजावलं. गाइड कोण होतं, तुम्हीच ठरवा.

आता नव्होना.

तुमच्या यादीत नव्होना चौक "फोटो थांबा" म्हणून आहे. त्या चौकात शिल्पकार बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं आहे, 1651 चं. चार खंडांच्या चार नद्या: नाईल, डॅन्यूब, दक्षिण अमेरिकेतली प्लाता आणि आपली गंगा. नाईलचं डोकं कापडाने झाकलेलं, कारण तिचा उगम तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. गंगेच्या हातात लांब वल्हं. आणि ही गंगा बाई नाही, चांगला दाढीवाला बुवा आहे. आईने शाळेत भूगोल शिकवला. या गंगेचा फोटो तिने कधीतरी कात्रण करून ठेवला होता. गंगामाईला दाढी कशी आली ते जवळून बघायचं, एवढं एकच तिने या सहलीकडे मागितलं होतं. पोप, चर्च, खरेदी, तिला काही नको होतं. हे बुकिंगच्या वेळी आम्ही सांगितलं होतं आणि तुमच्या ऑफिसातल्या बाईंनी फॉर्मवर "गंगा - नव्होना" असं लिहूनही घेतलं होतं. फॉर्मची प्रत सोबत आहे.

चौकात गाड्यांना मनाई आहे, मान्य. शेजारच्या रस्त्यावर उतरून थोडं चालत जायचं असतं. ते चालायची आईची तयारी होती, सकाळपासून ती गुडघे त्याचसाठी राखून होती. पण सुरुवात उशिरा झाली (दारातून दारापर्यंत!), मग पँथिऑनची रांग, मग वेळ संपली. सिनेटच्या इमारतीसमोरून गाडी जाताना ड्रायव्हरने दोन इमारतींमधल्या फटीकडे हात केला, "नव्होना, नव्होना" म्हणाला आणि गाडी पुढे काढली. त्याला पुढचं गिऱ्हाईक होतं, तेही बहुधा तुमचंच. नव्होनाचं वर्णन बाईने तासाभरापूर्वीच वाजवून टाकलं होतं, एका लाल सिग्नलला, समोर पालेभाजीचा ट्रक असताना. त्यातही शेजारच्या चर्चला घाबरून प्लाता नदीने हात वर केला, ही दंतकथा खरी म्हणून सांगितली. चर्चचं काम 1652 ला सुरू झालं. कारंजं आधीचं. पुतळा कशाला घाबरला?

इथपर्यंत मी शांत होतो. खरंच होतो. आता तुमच्या प्रतिनिधीशी झालेलं बोलणं देतो. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे कॉल "प्रशिक्षणासाठी" रेकॉर्ड होतात, तेव्हा ताडून बघा.

"सर, आपली नेमकी तक्रार काय आहे?"

"नव्होना चौकात थांबलो नाही. आईला गंगा बघायची होती, ती राहिली."

टाइप केल्याचा आवाज. मग शांतता. मग: "सर, गंगा नदी आपल्या इटलीच्या आयटिनररीत नाहीये."

मी म्हटलं, नदी नाही हो, गंगेचा पुतळा. रोममध्ये.

"सर, मी चेक केलं. गंगा आपण हरिद्वार-ऋषिकेशमध्ये कव्हर करतो. युरोपमध्ये नाही करत."

मी पुन्हा सगळं सांगितलं. बर्निनी, चार नद्या, वल्हं. फॉर्मवर लिहून घेतलंय हेही सांगितलं.

"म्हणजे कारंजं ना सर? कारंजं कव्हर झालंय. ट्रेव्ही फाउंटन, ड्रायव्हरने टिक केलंय."

"ते वेगळं कारंजं."

"पण सर, एक कारंजं झालंय ना?"

व्यवस्थापक महाशय, हे वाक्य कृपया मोठ्याने वाचा. एक कारंजं झालंय ना. या हिशेबाने एक देऊळ पाहिलं की चारधाम झालं. मी काही बोलत नाही हे बघून ते उत्साहात म्हणाले, "सर, आईंची गंगा बघायची इच्छा आहे तर आपण त्यांना हरिद्वार पॅकेजवर 15 टक्के सूट देऊ शकतो. सीनियर सिटिझनचा वेगळा डिस्काउंट पण लागेल. बुक करू का?"

म्हणजे तक्रार करायला फोन केला, आणि निघालो असतो नवीन सहल विकत घेऊन. नंतर मोबाइलवर मेसेज आला: "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. सेवेला पाच तारे द्या." सोबत हरिद्वारचं कूपन. काही महिन्यांत संपणारं.

आणि आता तुमच्या संगणकाला जे दिसत नाही ते सांगतो. आईने हरिद्वारची गंगा पाहिलेली आहे. तुमच्याच बसमधून. वडील होते तेव्हा दोघं तुमच्याकडूनच गेले होते. तेव्हा तुमचा टूर मॅनेजर घाटावर वडिलांचं औषध घेऊन मागे मागे फिरत होता आणि रात्री तुमचे आचारी कढी-खिचडी करून वाढत होते. घरात त्या सहलीचा गंगाजलाचा सीलबंद गडू देव्हाऱ्यात आहे. आमच्या घरी तुमचं नाव त्या गडूमुळे घेतलं जायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आम्ही तुमच्याकडे पाठवलं, त्याचं कमिशन कधी मागितलं नाही. आता तेच लोक विचारतात, रोम कसं झालं. मी सांगतो. तपशिलात सांगतो.

मला काय हवं ते लिहितो, म्हणजे पुन्हा "नेमकी तक्रार काय" असा प्रश्न नको. गोल्फ कार्टसाठी भरलेली सगळी रक्कम आणि टॅक्सीचं भाडं ज्या खात्यातून गेलं त्याच खात्यात परत. कूपन रद्द करा, ते मी वापरणार नाही आणि कुणाला देणारही नाही. "मराठी गाइड" ही ओळ माहितीपत्रकातून काढा किंवा तिथे प्रामाणिकपणे "मराठी स्पीकर" लिहा. आणि "दारातून दारापर्यंत" हे कोणाचं दार, तेही स्पष्ट करा. हा मुद्दा वर येऊन गेलाय, मला माहीत आहे. तुमच्या उत्तरात तो एकदाही आला नाही, म्हणून पुन्हा.

महिनाभरात लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्हींची व्याख्या आहे, आणि तुमचं माहितीपत्रक दोन्हींत बसतं. तक्रार मी राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत 2 वर्षांची आहे. मी निवृत्त माणूस आहे, मला वेळच वेळ आहे. कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, आयोगापुढे मागवून घेईन. "एक कारंजं झालंय ना" तिथेही वाजू दे.

फोन करू नका. आलाच तर तो आईच्या हातात देईन, आणि मग गंगा कुठून निघते आणि कुठे मिळते हे तुमच्या प्रतिनिधीला उपनद्यांसकट सांगावं लागेल.

आपला,
(तुमच्या नोंदीतला "समाधानी ग्राहक")

सोबत: बुकिंग फॉर्मची प्रत, माहितीपत्रकाची दोन पानं, टॅक्सीची पावती, पँथिऑनची तिकिटं, कूपनच्या मेसेजचा फोटो.