गहू बंद करण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गहू सोडला आणि पोट हलके झाले, असे अनुभव हल्ली आरोग्य पुरवण्यांतून बरेच वाचायला मिळतात. ते वाचून कोणी उद्यापासून पोळी बंद करणार असेल, तर त्याआधी आमच्या घरी काय घडले ते कळावे, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातले आणि जवातले ग्लूटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की तिचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. सात वर्षांची असताना तिचे हिमोग्लोबिन ७.८ होते. लोहाचे सिरप, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, दोनदा जंताचे औषध, सगळे करून झाले. शाळेच्या रांगेत ती उंचीमुळे कायम पहिली. जुलाब नव्हते, त्यामुळे आतड्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. एका डॉक्टरांनी तर 'हा दिल्ली-पंजाबकडचा आजार' म्हणून विषयच मिटवला. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला तो असतो आणि दक्षिणेत बराच कमी, हे खरे. पण आम्ही खानदेशातले. रोज पोळी, सणाला मांडे, पाहुणे आले की दाळबट्टी. गहू आमच्याकडे कमी कुठे आहे?

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकसाठीची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी लिहून दिली. रिपोर्ट निगेटिव्ह आला, आम्हाला हायसे वाटले, आणि त्या एका कागदावर विसंबून आम्ही दीड वर्ष घालवले.

त्या कागदावर टोटल आयजीएचा, म्हणजे रक्तात एकूण आयजीए किती आहे याचा, आकडा नव्हता. टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅकसाठी पहिली करायची तपासणी, आणि ती चांगलीच आहे. पण ती आयजीए जातीची प्रतिपिंडे मोजते. ज्याच्या रक्तात आयजीएच जवळजवळ तयार होत नाही, त्याचा रिपोर्ट आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. सिलिअ‍ॅकच्या शंभर रुग्णांत असे दोन-तीन असतात. माझी मुलगी त्यांतली एक. तिसऱ्या डॉक्टरांनी तो आकडा मागवला, तर ७ च्याही खाली. मग सिलिअ‍ॅकचीच, पण आयजीजी या दुसऱ्या जातीची प्रतिपिंडे मोजणारी डीजीपी तपासणी झाली, ती पॉझिटिव्ह. एंडोस्कोपीत आतड्याचे तुकडे घेतले, त्यात अन्न शोषणारे रसांकुर पार झिजलेले दिसले. त्याच सुईने, त्याच नळीतल्या रक्तातून हे दीड वर्ष आधी कळले असते. ते दीड वर्ष तिच्या वाढीचे होते.

दुसरी चूक माझी. मुलीला वेगळे ताट नको म्हणून मी घरातून गहूच हद्दपार केला. ज्वारी, कळण्याची भाकरी, भात. हिंगाची डबीसुद्धा बदलली, कारण बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचे पीठ असते. चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता धाकट्या भावाची तपासणी करा, सख्ख्या नात्यात धोका जास्त असतो. रक्त देण्याआधी त्यांनी सहज विचारले, तो गहू खातो ना? खात नव्हता. गहू बंद असला की प्रतिपिंडे उतरतात आणि रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला सहा आठवडे पुन्हा गहू सुरू केला. शाळेतून तो परस्पर सासूबाईंकडे जायचा, दोन पोळ्या खायचा, आणि घरी येण्याआधी हात स्वच्छ धुऊन यायचा. ताईला त्रास नको म्हणून. आठ वर्षांच्या मुलाला हे कोणी शिकवले नव्हते. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, टोटल आयजीएही व्यवस्थित.

शंका असेल त्यांनी टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए एकत्रच मागा. लोह घेऊनही न हटणारा अशक्तपणा, खुंटलेली उंची, टाइप १ मधुमेह, घरात सिलिअ‍ॅकचा रुग्ण, यांपैकी काही असेल तर नक्कीच. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी डॉक्टर सांगेपर्यंत पोळी सोडू नका, नाहीतर पुढची एंडोस्कोपीही फसवू शकते. शेकडो पदार्थांच्या 'इन्टॉलरन्स' तपासणीवर मात्र पैसे घालवू नका. तिने सिलिअ‍ॅकचे निदान होत नाही. जनुकीय तपासणीचेही नीट समजून घ्या. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुके नसतील तर हा आजार जवळजवळ नाहीच, पण असले म्हणून तो आहे असे होत नाही. कितीतरी निरोगी माणसांत ती असतात.

प्रयोगशाळांना माझी हात जोडून विनंती आहे. टीटीजीच्या अर्जावर 'सध्या रोज गहू खाता का?' एवढा एक प्रश्न छापा, आणि टोटल आयजीए नसेल तर रिपोर्टवर तसे स्पष्ट लिहा.

धाकट्याची तपासणी दोन वर्षांनी पुन्हा आहे. तोवर त्याच्या आजीकडच्या पोळ्या चालू आहेत.

आपली,
एक आई, जळगाव
(मुलीसाठी, कृपया नाव छापू नये.)