आयएलआरपासून पाड्यापर्यंत

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

सातपुड्यातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रुजू झालीस आणि पुन्हा मोठी साथ आली तर तयारी कशी ठेवायची, असं विचारलंस. सगळं एका पत्रात मावणार नाही. लस आयएलआरमधून, म्हणजे लसी साठवायच्या खास फ्रिजमधून, पाड्यावरच्या माणसाच्या दंडापर्यंत कशी पोचते एवढंच आज लिहिते, कारण कोविडच्या वेळी नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत खरा कस तिथेच लागला.

आधी थंडावा. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही २ ते ८ अंशांत ठेवायच्या लसी. ऊन लागू नये म्हणून सगळे जपतात, पण गोठण्याकडे दुर्लक्ष होतं. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक तसाच कॅरिअरमध्ये (लस न्यायच्या हातातल्या थंड डब्यात) घातला की त्याला टेकलेली कुपी गोठते. कोव्हॅक्सिनमध्ये ॲल्युमिनियमचा घटक आहे. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. तुझ्याकडच्या पेंटाव्हॅलंट (बाळांना पाच रोगांवर देतात ती लस) आणि हिपॅटायटिस बीचंही तेच. म्हणून आइसपॅक टेबलावर मांडायचे, घाम सुटू द्यायचा, मग कानाशी हलवून पाहायचे. आत पाणी हललेलं ऐकू आलं की पुसून चार पॅक कॅरिअरमध्ये लावायचे. सकाळी गाडी दारात उभी असते, ड्रायव्हर घाई करतो आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. पॅक काढायची वेळ गाडीच्या वेळेआधीची ठरवून दे.

आयएलआरमध्ये कुप्या टोपलीतच ठेवायच्या, तळाला नाही. तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचं, रविवारीसुद्धा. वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. पारा ८ च्या जवळ जायला लागला की मगच कोल्ड बॉक्समध्ये, म्हणजे आइसपॅक लावलेल्या मोठ्या पेटीत, हलवायचं. सुरुवातीच्या कोविड लसींच्या कुप्यांवर व्हीव्हीएम (लस तापली की रंग बदलणारी खूण) नव्हता. त्यामुळे लस तापली होती की नाही, हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही वही.

आता कुप्यांचा हिशेब. कोविशिल्डच्या कुपीत १० डोस, प्रत्येकी अर्धा मिली. कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीच्या कुपीत २० डोस. उघडल्यापासून चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची, म्हणून उघडल्याची वेळ लेबलवर लगेच लिहायची. मागणी काढताना १० टक्के वाया जाणार असं धरून १.११ ने गुणायचे. १०० माणसांच्या सत्राला १११ डोस, म्हणजे कोविशिल्डच्या १२ कुप्या.

शाळेच्या हॉलमध्ये हे गणित जुळतं. पंधरा घरांच्या पाड्यावर जुळत नाही. तिथे तीन माणसं येतात आणि कुपी दहाची असते. अशा वेळी आशाताईला शेजारच्या पाड्यावर धाडून अर्धा तास थांबावं. कोणीच आलं नाही तर माझं स्पष्ट मत असं, की कुपी उघडावी. डोंगर उतरून आलेला म्हातारा दुसऱ्यांदा येत नाही. उरलेले सात डोस रजिस्टरमध्ये कारणासह लिही आणि टीएचओंना (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना) संध्याकाळी स्वतः फोन करून सांग. वाया गेल्याची टक्केवारी कमी दिसावी म्हणून माणसं परत पाठवणं मला अजिबात पटत नाही.

दुसऱ्या डोसचं नीट समजून घे, कारण पुढच्या लसीलाही हेच होईल. कोविशिल्डचं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं, २०२१ च्या मार्चमध्ये ६ ते ८ झालं आणि मे महिन्यात १२ ते १६. कोव्हॅक्सिनचं ४ ते ६ च राहिलं. आता तुझ्या भागाचं वर्ष डोळ्यांपुढे आण. ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतलेल्याची ८४ दिवसांनंतरची तारीख दिवाळीच्या आसपास येते आणि तेव्हा घराला कुलूप असतं, माणसं ऊसतोडीला गुजरातेत. होळीला परततात. त्याला ‘लोकांचा प्रतिसाद नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. यादीत एक रकाना वाढव: कधी जाणार, कुठे जाणार, मुकादम कोण. निघण्याआधी डोस बसत असेल तर तिथेच, नाहीतर होळीच्या आठवड्यात सत्र लाव.

नोंदणीनेही माणसं गळाली. १ मे २०२१ ला १८ ते ४४ चं लसीकरण सुरू झालं ते ऑनलाइन वेळ घेऊनच. नेटवर्क असलेल्या शहरी तरुणांनी खेड्यातल्या केंद्रांच्या वेळा घेतल्या आणि गावातली माणसं ओट्यावर बसून राहिली. लसच पुरेना म्हणून १२ मेपासून राज्याने हा गट थांबवला. सरकारी केंद्रावर थेट येऊन नोंदणीची मुभा त्या महिन्याच्या २४ तारखेला मिळाली. आणखी एक घोळ असा, की दुसऱ्या डोसला वेगळा मोबाइल नंबर किंवा वेगळं ओळखपत्र दिलं, तर त्याच माणसाचा पुन्हा ‘पहिला डोस’ नोंदला जायचा. म्हणून कागदी यादीत मोबाइल आणि ओळखपत्राचा प्रकार दोन्ही लिहून ठेवायचे.

नर्मदाकाठच्या गावांत पथकं बोटीने गेली. तशा फेरीत माणूस पुन्हा लगेच भेटत नाही, म्हणून ताप येईल, अंग दुखेल, एक-दोन दिवसांत उतरेल हे सुई टोचण्याआधीच पावरी किंवा भिलोरी या तिथल्या बोलींत सांगितलं गेलं पाहिजे, तेही गावातल्याच ताईच्या तोंडून. न सांगता रात्री ताप चढला, तर सकाळी दारं बंद होतात. सोबत पॅरासिटामॉल हातात द्यायची.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. भोवळ आली तर नाडी मंद असते आणि आडवं केलं की माणूस सावरतो. नाडी जलद, अंगावर गांध्या, श्वासात घरघर दिसली तर वाट पाहू नकोस: मोठ्या माणसाला १:१००० ॲड्रेनॅलिन अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. पाय उंच, ऑक्सिजन, १०८ ला फोन. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. किटमधल्या ॲम्प्यूलची मुदत दर महिन्याला पाहायची.

या आठवड्यात एवढं कर: तापमानाच्या वहीची गेल्या तीन महिन्यांची पानं चाळ. रोज सकाळ-संध्याकाळ ओळीने ४ अंशच लिहिलेलं दिसलं, तर थर्मामीटर न पाहता वही भरली जाते असं समज. फार्मासिस्टला रागावू नकोस, त्यांच्याबरोबर उभी राहून दोन दिवस स्वतः नोंद कर.

तुझी,
आई