डिसेंबर नको, फेब्रुवारीत या

ओस्लो,
१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

ति. आई-आप्पांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि दोन्ही पोरांना खूप खूप पापे.

तू पाठवलेला बेत सावकाश वाचला. नाताळच्या सुट्टीत निघायचं, आठवड्याभरात नॉर्वेतलं ओस्लो, बर्गन, ट्रॉम्सो करायचं, जमलं तर स्टॉकहोमही, आणि मध्येच कुठेतरी कुत्र्यांच्या घसरगाडीत बसायचं. तुम्ही सगळे मिळून येताय याचा मला किती आनंद झालाय ते कागदावर मावायचं नाही. पण बेत मात्र बदलूया. माझं म्हणणं एवढंच आहे की डिसेंबरमध्ये येऊ नका, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात या. आणि चार गावांच्या मागे न धावता ओस्लोतच राहा. बर्फाची सगळी मजा इथे शहरातल्या मेट्रोच्या तिकिटात मिळते, हे तुम्हाला दाखवायची मला फार इच्छा आहे.

आधी उजेडाचं सांगते, कारण तिकडे बसून याची कल्पना येत नाही. आपली सांगली सतराव्या अक्षांशाजवळ, ओस्लो साठाव्या. डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य सकाळी सव्वानऊच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या सुमाराला मावळतो. तोही डोक्यावर येत नाही, क्षितिजाजवळूनच सरकत जातो. ढग असले तर दिवसभर घरात दिवे. आईची आंघोळ, देवपूजा, सगळ्यांचा नाश्ता उरकून घराबाहेर पडेपर्यंत दिवसाचा बराच भाग गेलेला असेल. पार उत्तरेकडच्या ट्रॉम्सोला तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड येतो, तेवढाच. शिवाय २४ तारखेच्या दुपारपासून २६ पर्यंत दुकानं आणि संग्रहालयं बहुतेक बंद, माणसं आपापल्या घरी. सुट्टी काढून, एवढा खर्च करून बंद दारं बघायला येण्यात काय अर्थ?

फेब्रुवारीच्या मध्याला हेच चित्र पालटतं. सकाळी आठला सूर्य वर, संध्याकाळी पाचच्या सुमाराला खाली, म्हणजे चांगले नऊ तास. डिसेंबरमध्ये शहरात बर्फ असेलच असं नाही, पाऊसही पडतो. फेब्रुवारीपर्यंत जंगलात बर्फ चांगला बसलेला असतो आणि त्याच्यावर ऊन पडलं की डोळे दिपतात. गॉगल आणाच. फक्त एक आठवडा टाळा. इथे वर्षाचे आठवडे क्रमांकाने ओळखतात आणि ओस्लोच्या शाळांना आठव्या आठवड्यात हिवाळी सुट्टी असते. त्या दिवसांत डोंगरावर लहान मुलांची झुंबड असते. सहावा किंवा सातवा आठवडा गाठा. थोरल्याची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असेल ना? मग शाळेतून आठ दिवसांची रजा मागायला हरकत नाही.

आकाशातल्या हिरव्या प्रकाशाचं वहिनींच्या मनात आहे, ते मला माहीत आहे. तो खरोखरच बघण्यासारखा असतो. पण त्याला अंधार लागतो, निरभ्र आकाश लागतं आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांचा जोर लागतो. तिन्ही गोष्टी एका रात्री जुळायला हव्यात. ट्रॉम्सो समुद्रकाठी असल्यामुळे तिथे ढग फार. दोन रात्रींसाठी पाच-सहा माणसांची विमानाची तिकिटं काढायची, थंडीत उभं राहायचं आणि ढगांकडे बघून परतायचं, हे आई-आप्पांच्या बाबतीत मला नको वाटतं. पुढे कधीतरी तुम्ही दोघंच या, चार-पाच रात्री हातात ठेवून, तेव्हा मी स्वतः बरोबर येते.

आता ओस्लोचं. इथली एक नंबरची मेट्रो शहराच्या पोटातून निघते आणि डोंगर चढत चढत फ्रोग्नरसेतेरेनला जाऊन थांबते. हा मार्ग १८९८ साली सुरू झाला आणि १९१६ मध्ये वरपर्यंत पोचला. डब्यात ऑफिसला जाणाऱ्यांच्या शेजारी स्की घेतलेले आजोबा बसलेले असतात आणि कुणालाच त्यात नवल वाटत नाही. शेवटच्या स्टेशनावर उतरलं की समोर नूर्डमार्काचं जंगल. स्प्रूसची झाडं बर्फाने वाकलेली आणि खाली दूरवर फियॉर्ड, म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची खाडी. हे जंगल शहराला लागून असूनही त्याच्यात घरं चढलेली नाहीत, कारण २००९ मध्ये त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. तसंही या देशात मोकळ्या रानात कुणीही पायी किंवा स्कीवरून हिंडू शकतो, मग जमीन कुणाचीही असो. तो हक्क १९५७ पासून कायद्यात आहे. कुठे फाटक नाही, कुठे तिकीट नाही. मला हा देश आवडायला लागला तो यामुळेच.

पोरांसाठी या स्टेशनाजवळूनच कोर्केट्रेकरेन सुरू होतो. घसरगाडीवरून खाली यायचा हा उतार दोन किलोमीटर लांब आहे आणि त्यात तुम्ही २५५ मीटर खाली उतरता. वर घसरगाडी आणि हेल्मेट भाड्याने मिळतात. उताराला पैसे लागत नाहीत. वळणं घेत घेत खाली मित्स्तुएन स्टेशनाशी पोचायचं, गाडी बगलेत मारून मेट्रोत बसायचं आणि पुन्हा वर. दिवसाचं तिकीट काढलं की मनसोक्त फेऱ्या होतात. दादा, वेग मात्र चांगलाच येतो. पायांच्या टाचा बर्फात रुतवून गती कमी करायची असते आणि वळणावर तिरकं झुकायचं असतं. धाकटीला एकटीला सोडायचं नाही, ती तुझ्या पुढ्यात बसेल. थोरल्याला आधी वरच्या सोप्या उतारावर सराव देऊ. १९५२ चं हिवाळी ऑलिंपिक ओस्लोत झालं होतं, हे त्याला आधीच सांगून ठेव. मग तो हेल्मेटची कुरकुर करणार नाही.

स्की शिकायची असेल तर डोंगरावरून भन्नाट खाली येणारी नको, सपाटीवरची, लांब पल्ल्याची शिका. स्कीफोरेनिंगेन नावाची १८८३ पासूनची संस्था इथल्या जंगलातले मार्ग राखते. यंत्राने बर्फ दाबून त्यात दोन समांतर चाकोऱ्या पाडतात, त्यात स्की ठेवायची आणि सरकत जायचं. रस्ता न चुकण्यासाठी झाडांवर खुणा असतात, लाल खुणा स्कीच्या वाटांच्या आणि निळ्या उन्हाळ्यातल्या पायवाटांच्या. चाकोरीत पायी चालायचं नाही हे पोरांना बजावून ठेव, ठसे पडले की मागून येणाऱ्याची स्की अडते आणि लोकांना ते अजिबात खपत नाही. पहिल्या दिवशी सगळे पडतात. बाजूला कलून, बूड टेकवून पडायचं, म्हणजे लागत नाही. तळाला केसाळ पट्टी लावलेली स्की भाड्याने घेऊया, तिला मेण लावायची कटकट नसते. मुलांचं सामान बुआ नावाच्या सार्वजनिक केंद्रातून आठवडाभर फुकट मिळतं, ते मी आणून ठेवीन. कित्येक मार्गांवर रात्री दिवे असतात. ऑफिस सुटल्यावर लोक जेवून-खाऊन स्की करायला निघतात. एका संध्याकाळी आपणही जाऊ.

आईच्या गुडघ्यांची काळजी तू लिहिली आहेस. तिच्यासाठी मी स्पार्क ठरवली आहे. दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची असते, मागे उभं राहून एका पायाने ढकलायची. इथल्या म्हाताऱ्या बायका तिच्यावर बाजाराची पिशवी ठेवून जातात. आमच्या शेजारच्या आजींकडे आहे, त्या द्यायला तयार आहेत. सोंग्सवान तळं पाच नंबरच्या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनापाशी आहे. काठाने सव्वातीन किलोमीटरचा सपाट रस्ता जातो. आईला खुर्चीत बसवून, दोन घोंगड्या पायांवर टाकून मी ढकलत नेईन. बर्फाचा थर जाड असेल तर तळ्यावरही जाता येतं. माणसाला चालायला किमान दहा सेंटिमीटर पक्का बर्फ लागतो, आणि ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे तो नेहमी पातळ असतो. म्हणून इथल्या लोकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आप्पांनी आणि आईने रस्त्यावर चालताना बुटांखाली खिळ्यांचे रबरी पट्टे लावायचेच. ते इथे औषधाच्या दुकानातसुद्धा मिळतात, मी घेऊन ठेवते. थंडीपेक्षा मला फुटपाथवरच्या निसरड्या काचेसारख्या बर्फाची जास्त धास्ती वाटते.

आप्पांसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. ब्युग्दोयला ३० नंबरची बस जाते आणि तिथे फ्राम जहाज आहे. आप्पांनी आम्हाला फळ्यावर दोन्ही ध्रुव काढून दाखवले होते, त्या ध्रुवांच्या वाटेवरचं हे खरं जहाज! १८९२ मध्ये बांधलेलं. नान्सेन या ध्रुवसंशोधकाने त्याचा तळ मुद्दाम गोलसर करवून घेतला, म्हणजे समुद्र गोठला की बर्फाने जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जाईल. आणि तसंच झालं, १८९३ पासून तीन वर्षं ते गोठलेल्या समुद्राबरोबर वाहत गेलं आणि धड परत आलं. पुढे याच जहाजातून आमुंडसेन हा दुसरा संशोधक दक्षिणेकडे निघाला आणि १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. संग्रहालयात जहाजाच्या डेकवर चढता येतं, खालच्या इवल्याशा खोल्यांत डोकावता येतं. आप्पांना घाई करायची नाही. मुलं कंटाळली तर वहिनी आणि मी त्यांना घेऊन पार्लमेंटजवळच्या स्पिकरसुप्पाच्या बर्फाच्या रिंगणात स्केटिंगला नेऊ. तिथे प्रवेश मोफत आहे. फ्रामच्या जवळच व्हायकिंगांच्या जहाजांचं संग्रहालयही होतं, पण ते सध्या नव्याने बांधताहेत, म्हणून यादीतून काढून टाक.

उरलेलं शहर आपण मध्ये मध्ये बघू. ऑपेराच्या उतरत्या छपरावर चालत चढता येतं, बर्फ फार नसेल तर. शेजारीच चित्रकार मुंकचं संग्रहालय आणि नवं सार्वजनिक वाचनालय. वाचनालयात मुलांना दुपार घालवायला फार छान जागा आहे. बंदरात तरंगते सौना आहेत. गरम खोलीतून निघून दोन-तीन अंशांच्या पाण्यात उडी मारायची. तुला मारायची असेल तर मार, आप्पांचं ब्लडप्रेशर बघता त्यांना तो विचारसुद्धा करू देऊ नकोस.

कपड्यांवर तिकडे पैसे घालू नका. जाडजूड जाकिटं मी इथल्या मराठी मित्रमंडळींकडून गोळा करते. अंगाला लागून लोकरीचे पातळ कपडे हवेत, मध्ये आणखी एक लोकरीचा थर आणि वर वारा अडवणारं जाकीट. आतून सुती बनियन अजिबात नको, घामाने ओला होतो आणि मग अंगात थंडी भरते. बूट एक नंबर मोठे, जाड मोजा आत मावेल असे. तापमान बहुतेक दिवस शून्याच्या थोडं खाली असतं, कधी उणे दहा-पंधरापर्यंत जातं, पण हवा कोरडी आणि वारा कमी असला तर ते सोसतं.

खाण्याचं आईला सांग की काळजी नको. इथले लोक बाहेर पडताना डबा घेतल्याशिवाय निघत नाहीत. बर्फावर लहानशी बैठक अंथरून थर्मास काढतात, संत्रं सोलतात, पावाचे तुकडे खातात. आपण धपाटे आणि शेंगादाण्याची चटणी नेऊ, कुणी वळूनही बघणार नाही. एका दिवशी फ्रोग्नरसेतेरेनच्या १८९१ च्या लाकडी उपाहारगृहात सफरचंदाचा केक खाऊ. भडंग भरपूर आणा, मेतकूट आणा, येसर आणा. पण तूप, पेढे, खवा काही आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला नॉर्वेत बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतील. वहिनींनी केलेलं तूप कचऱ्यात गेलेलं मला बघवणार नाही.

खर्चाचं म्हणशील तर इथे हॉटेलात जेवण महाग. राहायचं आणि जेवायचं घरीच आहे, बर्फ फुकट आहे, म्हणून चार गावांपेक्षा हे निम्म्याहून कमी खर्चात होईल. विमानतळावरून शहरात येताना खास एक्स्प्रेस गाडीच्या मागे लागू नका, साधी लोकल तीन-चार मिनिटंच जास्त घेते आणि तिकीट जवळपास निम्मं.

व्हिसाचं मात्र आता लगेच हातात घे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण तेवढ्यावर अवलंबून राहू नका. दिवाळीनंतर लगेच भेटीची वेळ घ्या. मोठ्यांना ९० युरो शुल्क आहे, सहा पूर्ण पण बाराच्या आतल्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना नाही. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आई-आप्पांचा काढताना आधीचे आजार त्यात धरले आहेत का ते एजंटला विचारून घे. निमंत्रणाचं पत्र आणि माझ्या पगाराचे कागद मी या आठवड्यात पाठवते.

तू मला उलट टपाली एवढंच कळव: सगळ्यांच्या बुटांचे नंबर, दोन्ही पोरांची उंची आणि तुम्हा दोघांचं वजन. वजन खरं सांगा, स्की त्याच्यावरूनच निवडतात. आणि आईला विचार, स्पार्कवर बसशील ना.

कळावे, लोभ आहेच.

तुझी,
छोटी