रविवारी कुलाब्याला भेटायचंय, बंद स्टेशनांबद्दल बोलायला

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेसातला बधवार पार्कच्या गेटबाहेर जमायचंय. इथेच जुनं कुलाबा टर्मिनस होतं, 1930 संपता संपता ते बंद झालं आणि आता तिथे रेल्वेची कॉलनी आहे, म्हणून विषय हाच की स्टेशन बंद पडलं तरी इमारत वाचवायची कशी. अमेरिकेत डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल रेल्वे स्टेशन 1988 पासून ओसाड पडलेलं, फोर्ड या मोटार कंपनीने 2018 ला विकत घेतलं आणि 2024 ला लोकांसाठी उघडलं, मग आपल्याकडे का नाही होणार!

– जुने फोटो, तिकिटं असतील तर झेरॉक्स आणा, ओरिजिनल नको
– प्रत्येकाने एक तरी वापर सुचवा, पण नुसतं महागडं हॉटेल नको, आसपासच्या लोकांना आत येता आलं पाहिजे
– कॉलनीत शिरायचं नाही

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.