कोपरीच्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितोय.

टेक्सासमधल्या माझ्या भाच्याने रायफलची काडतुसं घरी पुन्हा भरायचा छंद धरला आणि ताईची झोप उडाली. तिकडे ते चालतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. मामा म्हणून मी काय सांगणार? माझी धाव एअर रायफलच्या छऱ्यांपर्यंत. मग तुम्ही आठवलात. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तुमचं आयुष्य गेलेलं.

पावडरीबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. "ते छापील कोष्टक बघून, त्यात स्वतःचं डोकं नको," इतकंच. व्हिडिओ कॉलवर आधी त्याचा डबा पालथा करायला लावलात. रेंजवर वेचलेल्या परक्या पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, सरळ बाद, कारण त्या किती वेळा उडाल्यात हे कुणालाच ठाऊक नाही. उरलेल्यांच्या बुडावरचे शिक्के वाचून एका कंपनीच्या, एका लॉटच्या वेगळ्या काढायला सांगितल्यात. लष्करी ७.६२ मापाच्या काडतुसाची पुंगळी बाहेरून नागरी .३०८ सारखीच दिसते, पण तिची भिंत बहुधा जाड असते. आत जागा कमी, म्हणजे तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. इथे पोरगा पहिल्यांदा गप्प झाला. बुडात ठिणगी आत जायला एकच भोक असलेली बॉक्सर पद्धतीची पुंगळी ठेवायची, दोन भोकांची बर्दान नको, हेही त्याला नवीनच होतं.

मला आवडली ती तार. टोक वाकवलेली साधी तार पुंगळीत घालून बुडाजवळ आतून फिरवायची. खाच लागली की ती भंगारात. प्रत्येक वेळी बार उडाला की पितळ ताणलं जातं, डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून पुन्हा मापात आणलं की बुडाच्या जरा वर पातळ होत जातं आणि एक दिवस तिथेच तुटतं.

आणि ते पॉलिश! पुंगळ्या चकचकीत करायला तो अमोनियावालं वापरत होता. तुम्ही त्याला ब्रिटिश काळातल्या तबेल्यांची गोष्ट सांगितलीत. पावसाळ्यात तिथे ठेवलेली काडतुसं न उडवताच चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आल्यावर ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं ते पितळ टिकायचं नाही. उलगडा झाला १९२१ मध्ये. बाटली त्याच दिवशी कचऱ्यात गेली.

त्याच्याकडे आता निम्म्याहून कमी पुंगळ्या उरल्यात आणि ताई शांत झोपते. पुंगळीची मान तापवून मऊ कशी करायची, हे त्याला आता शिकायचंय. बूड तापू द्यायचं नाही एवढं मी ठासून सांगितलंय, बाकी तुमच्यावर. रविवारी रात्री फोन करेल, तिकडे तेव्हा सकाळ असते. काकूंना सांगून ठेवा, जेवायला उशीर होईल.

तुमचा,
शेजारच्या विंगमधला